थेंबभर तेल आणि चोवीस तासांची शर्यत

दाढ ठणकू लागली की लवंगेच्या तेलाचा बोळा आणि पोट दुखू लागले की ओव्याचा अर्क, ही औषधे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. या वनस्पतींना त्यांचा वास आणि तिखटपणा देणारी तेले आता एका अगदी वेगळ्या ठिकाणी जाऊन पोहोचली आहेत. कोंबड्याचे वीर्य शीतकपाटात अधिक काळ टिकवण्यासाठी त्यांचा उपयोग होईल काय, याचा शोध जगातील अनेक प्रयोगशाळांत घेतला जात आहे. विषय ऐकताच अनेकांना हसू येईल. परंतु आपल्या ताटातील अंडी आणि चिकन यांच्याशी, तसेच झपाट्याने मागे पडत चाललेल्या देशी कोंबड्यांच्या वाणांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

कोंबड्यांतही कृत्रिम रेतन

गाई-म्हशींचे कृत्रिम रेतन महाराष्ट्राला नवे नाही. उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बायफ संस्थेने गोठित वीर्याच्या साह्याने संकरित गाईंचा प्रसार केला आणि उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमधील वीर्यकांड्या खेडोपाडी पोहोचल्या. कोंबड्यांतही कृत्रिम रेतन केले जाते, हे मात्र शहरी वाचकाला सहसा ठाऊक नसते.

त्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील बरोज आणि क्विन या संशोधकांनी १९३० च्या दशकात कोंबड्याच्या पाठीवर व पोटाला विशिष्ट प्रकारे मालिश करून वीर्य गोळा करण्याची पद्धत विकसित केली. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत थोड्याफार फरकाने आजही वापरली जाते. टर्कीच्या बाबतीत तर कृत्रिम रेतनाला पर्यायच उरलेला नाही. अधिक मांसासाठी रुंद छातीच्या टर्कीची निवड पिढ्यान्‌पिढ्या होत गेली आणि अखेर नर इतके अवजड झाले की नैसर्गिक मीलन त्यांना जवळजवळ अशक्य होऊन बसले. भारतात पिंजऱ्यांत पाळल्या जाणाऱ्या अनेक पैदास-कळपांमध्ये कृत्रिम रेतनाचाच अवलंब केला जातो. वेंकटेश्वर हॅचरीज समूहाचे मुख्यालय असलेले पुणे हे देशातील कुक्कुट व्यवसायाचे एक प्रमुख केंद्र. त्यामुळे या विषयातील लहानसा शोधही महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

थेंबाचे गणित

कोंबड्याकडून एका वेळी मिळणारे वीर्य जेमतेम काही थेंब, म्हणजे साधारण ०.२ ते ०.५ मिलिलिटर असते. मात्र ते अत्यंत दाट असते. एका मिलिलिटरमध्ये ३०० ते ७०० कोटी शुक्राणू असतात. कोंबडीच्या एका रेतनासाठी सुमारे १० कोटी शुक्राणू पुरतात. म्हणजे ०.३ मिलिलिटर वीर्यात प्रति मिलिलिटर ४०० कोटी शुक्राणू धरले, तर एकूण १२० कोटी शुक्राणू मिळतात आणि एका कोंबड्याच्या एका दिवसाच्या वीर्यातून बारा कोंबड्यांचे रेतन होऊ शकते.

अडचण येते ती वेळेची. काहीही न मिसळलेल्या वीर्याची फलनक्षमता तासाभरातच ढासळू लागते. त्यामुळे वीर्य गोळा करणारा आणि रेतन करणारा यांना अक्षरशः घड्याळाकडे डोळे लावून काम करावे लागते. त्यातच रेतन दुपारनंतर करणे हिताचे असते; कारण सकाळी अंडे देण्याच्या तयारीत असलेल्या कोंबडीच्या गर्भाशयातील टणक कवचाचे अंडे शुक्राणूंची वाट अडवते.

ही घाई कमी करण्यासाठी वीर्यात पोषक द्रावण मिसळून ते सुमारे ५ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवले जाते. अमेरिकेतील बेल्ट्‌सव्हिल येथील संशोधन केंद्रात टॉमस सेक्स्टन यांनी १९७७ मध्ये तयार केलेले द्रावण याच कामासाठी जगभर प्रसिद्ध झाले. शुक्राणूंना इंधन म्हणून फ्रुक्टोज, आम्लता स्थिर राखणारे पदार्थ आणि आवश्यक ते क्षार असे त्याचे स्वरूप आहे. अशा द्रावणात, योग्य काळजी घेतल्यास, वीर्य चोवीस तासांपर्यंत उपयोगी राहू शकते. त्यापुढे मात्र फलनक्षमतेची उतरण थांबवणे कठीण जाते. वनस्पतींच्या तेलांवरील सारे संशोधन ही उतरण संथ करण्यासाठी चालले आहे.

खवट शेंगदाणे आणि शुक्राणू

थंडीत शुक्राणूंचे नेमके काय बिघडते? स्वयंपाकघरातील अनुभव येथे उपयोगी पडतो. डब्यात फार दिवस राहिलेले शेंगदाणे खवट लागतात. त्यांतील तेलाशी हवेतील प्राणवायूचा संयोग होऊन तेल बिघडलेले असते. शुक्राणूच्या बाबतीत घडते ते थोडेफार असेच.

प्रत्येक शुक्राणूभोवती स्निग्ध पदार्थांचे अतिशय पातळ पटल असते. पक्ष्यांच्या शुक्राणूंच्या पटलात अॅराकिडोनिक आम्लासारख्या बहु-असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण मोठे असते. या मेदाम्लांमुळे पटल लवचिक राहते आणि शुक्राणूला पोहता येते. पण हीच मेदाम्ले प्राणवायूच्या माऱ्याला सर्वांत आधी बळी पडतात. पेशींच्या श्वसनक्रियेत तसेच मेलेल्या शुक्राणूंपासून प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे तयार होतात. त्यांनी एका मेदाम्लाचा रेणू बिघडवला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि गवताच्या गंजीला लागलेल्या ठिणगीप्रमाणे ही साखळी पसरत जाते. पटल कडक होते, त्याला गळती लागते आणि शुक्राणूची हालचाल मंदावते.

इतर पेशींजवळ अशा आगीशी झुंजण्यासाठी विकरांचा साठा असतो. कोंबड्याचा शुक्राणू मात्र सडपातळ, दोऱ्यासारखा. त्याच्या शरीरात पेशीद्रव जवळजवळ नसतोच. साहजिकच संरक्षणाची शिदोरीही तुटपुंजी असते. शिवाय कोंबड्याच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश आणि त्याचे वृषण पोटाच्या आत. तेथून ५ अंशांपर्यंत आणताना शुक्राणूला ३६ अंशांची घसरण सोसावी लागते. बरे, प्राणवायू पूर्ण तोडावा म्हटले तर तेही चालत नाही. पक्ष्यांच्या, विशेषतः टर्कीच्या, शुक्राणूंना साठवणुकीतही प्राणवायू लागतो. ज्याच्यावर जगायचे त्याच्यापासूनच जपायचे, असा हा पेच आहे.

निसर्गाने मात्र हा पेच सोडवलेला आहे. कोंबडीच्या जननमार्गात, गर्भाशय आणि योनी यांच्या संधीवर, सूक्ष्म नलिका असतात. त्यांत शुक्राणू साठून राहतात आणि एकदा मीलन झाल्यावर कोंबडी दोन ते तीन आठवडे फलित अंडी देऊ शकते. टर्कीत हा काळ दहा आठवड्यांपर्यंत जातो. तोही शीतकपाटाविना, ४१ अंश तापमानात! कोंबडीच्या शरीराच्या या भागात अँटीऑक्सिडंट पदार्थांचे भक्कम संरक्षण असल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे. काचेच्या नळीतही असेच संरक्षण देता आले तर, या विचारातून संशोधक प्रथम ‘ई’ जीवनसत्त्वाकडे आणि नंतर वनस्पतींकडे वळले.

तेल करते काय?

‘इसेन्शियल ऑईल’ या शब्दातील ‘इसेन्शियल’चा अर्थ ‘आवश्यक’ असा नाही. तो ‘अर्क’ या अर्थाने आला आहे. पाने, फुले, साली किंवा बिया यांतून वाफेच्या साह्याने ऊर्ध्वपातन करून ही उडून जाणारी सुगंधी तेले काढली जातात. शेंगदाणा किंवा करडईच्या तेलाशी त्यांचे नात्याने काही साम्य नाही. लवंगेच्या तेलात बहुतांश भाग युजेनॉलचा असतो. ओव्याच्या तेलात थायमॉल प्रमुख असते, युरोपातील थाइम या वनस्पतीत थायमॉल व कार्व्हाक्रॉल, तर दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड.

यांपैकी युजेनॉल, थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल हे फिनॉल गटातील पदार्थ आहेत. त्यांच्या रेणूतील हायड्रोजनचा एक अणू सहज सुटू शकतो. बिघडलेल्या मेदाम्लाला हा अणू मिळाला की ते शांत होते. उरलेला फिनॉलचा रेणू स्वतः फारसा उपद्रवी नसल्याने साखळी तेथेच तुटते. ही तेले स्निग्ध पदार्थांत सहज मिसळत असल्याने शुक्राणूच्या पटलात, म्हणजे जेथे आग लागते तेथेच, जाऊन बसतात. पाण्यात विरघळणाऱ्या ‘क’ जीवनसत्त्वासारख्या पदार्थांना हे साधत नाही.

अल्जेरियातील संशोधकांनी २०१८ मध्ये ‘व्हेटरनरी वर्ल्ड’ या नियतकालिकात रोझमेरीच्या तेलावरील अभ्यास प्रसिद्ध केला. कोंबड्याचे वीर्य ४ अंश सेल्सिअसला साठवताना या तेलाचा शुक्राणूंच्या हालचालीवर काय परिणाम होतो, हे त्यात तपासण्यात आले होते. अशा प्रयोगांची रीत साधारणपणे सारखीच असते. अनेक कोंबड्यांचे वीर्य एकत्र करून त्याचे समान भाग केले जातात. एका भागात तेल घालत नाहीत, इतर भागांत चढत्या मात्रेने घालतात आणि ठरावीक तासांनी प्रत्येक नमुना तपासतात. किती शुक्राणू पुढे सरकतात हे संगणकाला जोडलेला सूक्ष्मदर्शक मोजतो, किती जिवंत आहेत हे रंगद्रव्य सांगते, तर मॅलॉनडायअल्डिहाइड या पदार्थाच्या प्रमाणावरून खवटपणा किती झाला ते कळते.

रोझमेरीच्या निमित्ताने आणखी एक बाब लक्षात घ्यायला हवी. या वनस्पतीच्या अँटीऑक्सिडंट गुणाचे मोठे श्रेय कार्नोसिक आणि रोझमेरिनिक या आम्लांना दिले जाते. पण ही जड आम्ले वाफेबरोबर येत नाहीत, त्यामुळे ती अर्कात सापडतात, तेलात नव्हे. तेलात असतात ते सिनिओल, कापूर, पायनीन यांसारखे पदार्थ. म्हणजेच एकाच झाडाचा अर्क आणि तेल या दोन निराळ्या वस्तू आहेत. एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवणे शास्त्राला धरून होणार नाही.

रक्षकच भक्षक

येथपर्यंतची कहाणी सरळ वाटते. परंतु खरी मेख पुढेच आहे. थायमॉल, कार्व्हाक्रॉल आणि युजेनॉल हे उत्तम जंतुनाशक आहेत. हे पदार्थ जिवाणूच्या स्निग्ध आवरणात शिरतात आणि त्याला भोके पाडतात. आतील द्रव्ये बाहेर झिरपतात आणि जिवाणू मरतो. शुक्राणूचे पटलही स्निग्ध पदार्थांचेच बनलेले आहे. जे तेल त्या पटलात बसून खवटपणा रोखते, तेच मात्रा वाढली की पटल फाडते. त्यामुळेच या प्रयोगांच्या आलेखांना अनेकदा टेकडीसारखा आकार येतो. मात्रा वाढते तसा सुरुवातीला लाभ वाढतो आणि मग एका बिंदूनंतर शुक्राणू भराभर मरू लागतात. एका तेलाचा हा बिंदू दुसऱ्याला लागू पडत नाही.

त्यात तेल पाण्यात विरघळत नाही, ही दुसरी अडचण. द्रावणात नुसते टाकले तर ते थेंबाथेंबांनी तरंगते. थेंबाजवळच्या शुक्राणूंना विषाची मात्रा मिळते आणि दूरच्यांना काहीच मिळत नाही. म्हणून लेसिथिनसारख्या पदार्थाने तेलाचे दुधासारखे पायस करावे लागते किंवा एखाद्या द्रावकाचा आधार घ्यावा लागतो. हा द्रावक स्वतःही शुक्राणूंना अपायकारक असू शकतो. त्यामुळे काटेकोर प्रयोगात केवळ द्रावक घातलेला नमुनाही वेगळा तपासला जातो. तेलाचे अतिसूक्ष्म कण करून ते समप्रमाणात पसरवण्याचे, म्हणजे नॅनो-इमल्शनचे, प्रयत्नही सुरू आहेत.

तिसरी अडचण तेलाच्या शुद्धतेची. वनस्पतीचा वाण, जमीन, हंगाम आणि ऊर्ध्वपातनाची पद्धत यांनुसार तेलातील घटक बदलतात. एका वर्षीच्या तेलाची योग्य मात्रा पुढच्या वर्षीच्या तेलासाठी घातक ठरू शकते. तेलाचे रासायनिक पृथक्करण दिलेले नसेल, तर त्या प्रयोगाची पुनरावृत्ती करणेच अशक्य होते.

प्रतिजैविकांना पर्याय?

असे असताना संशोधक या तेलांचा नाद सोडून का देत नाहीत? त्यामागे जंतूंचा प्रश्न आहे. कोंबड्यात विष्ठा आणि वीर्य यांचा बाहेर पडण्याचा मार्ग एकच असतो. कितीही स्वच्छता राखली तरी वीर्यात जिवाणू येतातच. ते शुक्राणूंच्या वाट्याचे अन्न खातात, द्रावणाची आम्लता वाढवतात आणि एका कोंबडीकडून दुसरीकडे रोगही नेऊ शकतात. म्हणून साठवणुकीच्या द्रावणात पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके घालण्याची प्रथा पडली.

मात्र प्रतिजैविकांच्या अतिवापरामुळे त्यांना न जुमानणारे जिवाणू वाढत आहेत. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून जनावरांची वाढ जलद व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालण्यास बंदी केली. भारतानेही अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कॉलिस्टिन वापरण्यावर जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. वीर्यात वापरली जाणारी मात्रा तुलनेने किरकोळ असली, तरी तीही टाळता आली तर हवीच आहे. खवटपणा आणि जंतू या दोन्ही शत्रूंशी एकच पदार्थ लढत असेल, तर त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. जिवाणू मरावा पण शुक्राणू वाचावा, अशी मात्रा सापडणे हीच कसोटी आहे. काही तेलांत या दोहोंमधील अंतर अत्यंत अरुंद असते.

निकाल अंड्यात लागतो

या विषयातील बातम्या वाचताना एक प्रश्न आवर्जून विचारला पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पोहताना दिसले, पण पिल्ले निघाली काय? हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे पक्ष्यांच्या वीर्यानेच पाऊण शतकापूर्वी शिकवले.

लंडनमधील मिल हिल येथील वैद्यकीय संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि अॅलन पार्क्स हे कोंबड्याचे वीर्य गोठवण्याचे प्रयोग करत होते. शर्करेच्या द्रावणात यश येत नव्हते. काही महिन्यांनी शीतगृहातील जुन्या बाटलीतील द्रावण वापरले आणि गोठवलेले शुक्राणू वितळवल्यावर पुन्हा हलू लागले. तपासणी केली तेव्हा बाटलीत शर्करा नव्हतीच, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. बाटलीत होते ग्लिसरॉल आणि अंड्यातील पांढरा बलक. १९४९ मध्ये हा शोध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे जगभरच्या गोठित रेतनाचा पाया ठरला.

विचित्र योगायोग असा की, ज्या पक्ष्याच्या वीर्यावर हा शोध लागला त्यालाच त्याचा सर्वांत कमी लाभ झाला. कोंबडीच्या जननमार्गात ग्लिसरॉल गर्भनिरोधकासारखे काम करते. शुक्राणू जिवंत असतात, पोहतात. परंतु अंडी वांझ निघतात. रेतनापूर्वी ग्लिसरॉल काढून टाकावे लागते, आणि त्या खटपटीत अनेक शुक्राणू दगावतात. बैलाचे गोठित वीर्य खेडोपाडी पोहोचले, पण कोंबड्याचे पोहोचले नाही, याचे हे एक प्रमुख कारण. म्हणूनच रोजच्या कामासाठी आजही साध्या शीतसाठवणुकीवर भिस्त आहे.

सुगंधी तेलांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. शुक्राणू कोंबडीच्या साठवण-नलिकांपर्यंत पोहोचला काय, तेथे आठवडाभर टिकला काय, सातव्या दिवशी दिव्यासमोर धरलेल्या अंड्यात रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले काय आणि एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर आले काय, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगाने दिली पाहिजेत. केवळ हालचालीचे आकडे देणारे अभ्यास पुष्कळ आहेत. त्यांचे मोल पहिल्या पायरीइतकेच आहे.

देशी वाणांसाठी वेळ विकत घेणे

एवढी धडपड कशासाठी, याचे एक उत्तर व्यवसायात आहे, तर दुसरे नवापूरच्या आठवणीत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पाळीव पक्ष्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही या रोगाने कोंबड्या दगावल्या. अशा उद्रेकात विशिष्ट परिघातील सर्व पक्षी मारावे लागतात. एखादा दुर्मीळ देशी वाण त्या परिघातच तग धरून असेल, तर तो कायमचा जाऊ शकतो.

झाबुआ परिसरातील कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचे नाव शहरांतही पोहोचले. झुंजीसाठी प्रसिद्ध असलेला असील हाही आपल्याकडील एक जुना, काटक वाण. इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आणि हैदराबादचे कुक्कुट संशोधन संचालनालय देशी पक्ष्यांवर काम करतात. खेड्यांत लोकप्रिय झालेली ‘वनराजा’ ही हैदराबादचीच देणगी. अशा ठिकाणांहून पक्षी हलवणे म्हणजे रोग हलवण्याचाही धोका. वीर्य हलवल्याने हा धोका शून्यावर येत नाही, कारण त्याचीही तपासणी करावीच लागते. पण तो कमी करता येतो. हैदराबादहून पुणे सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर आहे. तासाभरात निकामी होणाऱ्या वीर्याला हा प्रवास अशक्य. चोवीस तास टिकणाऱ्याला तो कसाबसा साधेल, तर अठ्ठेचाळीस तास टिकणारे वीर्य आडवळणाच्या गावालाही पोहोचू शकेल. तेलाच्या थेंबाने कमावलेल्या काही तासांचे मोल ते हेच.

हे तास अद्याप खात्रीने हाती आलेले नाहीत, हे प्रांजळपणे सांगायला हवे. त्यामुळे बाजारातून आणलेल्या बाटलीतील लवंगेचे तेल वीर्यात टाकून पाहण्याचा मोह कुक्कुटपालकांनी टाळलेलाच बरा. दाढेला ते मानवते, म्हणून शुक्राणूला मानवेल असे नाही. वीर्य वेळेवर थंड करणे, उपकरणे स्वच्छ ठेवणे, ताजे द्रावण वापरणे आणि पैदाशीच्या नरांना सकस आहार देणे, ही जुनी पथ्येच आज सर्वांत खात्रीची आहेत.